महामारीत दुकान तगतं ते कशावर? छोट्या व्यावसायिकासाठी पायरीपायरीनं तयारी

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता. कापडवाले, सराफ, भांडीवाले, दुचाकी विकणारे, सगळ्यांनी मुहूर्तासाठी आधीपासून माल भरून ठेवला होता, बऱ्याच जणांनी उधारीवर. कोरोनामुळं मुंबई, पुणे, नागपुरात अत्यावश्यक नसलेली दुकानं चार-पाच दिवस आधीच बंद झाली होती. २४ तारखेच्या रात्री आठच्या पंतप्रधानांच्या भाषणानंतर उरलेला देशही बंद झाला. पैसा मालात अडकला, माल शटरच्या आत राहिला आणि पुरवठादारांचे फोन मात्र चालू होते.

पुढं कोण तगलं आणि कोण बुडालं याची चर्चा झाली ती जास्त करून हुशारीची आणि ‘ऑनलाइन जाण्या’ची. मी छोट्या दुकानदारांचे हिशेब पाहतो. वह्यांमधून मला तरी निराळं दिसलं. रोकड किती दिवस पुरणार, कागद किती सरळ आहेत आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर दुकानदाराकडं आहे की नाही, यावरच बहुतेकांचं भवितव्य ठरलं. या तिन्ही गोष्टी साथ आल्यावर उभ्या करता येत नाहीत, त्या एरवीच्या बऱ्या दिवसांत करून ठेवायच्या असतात. म्हणून या लेखातल्या निम्म्याअधिक पायऱ्या आजच चढायच्या आहेत.

पहिली पायरी: तगण्याचे दिवस मोजा

एक कागद घ्या. गल्ला एक रुपयाही आला नाही तरी महिन्याला जे द्यावंच लागतं, ते लिहा. घरखर्च त्यातच धरायचा. छोट्या धंद्यात घर आणि दुकान यांची तिजोरी एकच असते. ती वेगळी आहे असं मानून केलेला हिशेब पहिल्याच महिन्यात खोटा ठरतो.

समजा, एक ब्लाउज-ड्रेस शिवणारं दुकान आहे. भाडं १२,०००, दोन कारागिरांचा पगार २४,०००, कर्जाचा हप्ता ९,५००, वीज २,५००, फोन वगैरे १,००० आणि घरखर्च २०,०००. एकूण ६९,००० रुपये, म्हणजे दिवसाला २,३००. हाताशी रोकड ८५,०००. भागाकार केला की उत्तर येतं ३७ दिवस.

२५ मार्चपासून ३७ दिवस मोजले की ३० एप्रिल येतो. त्या वेळची टाळेबंदी एकेक मुदत वाढत ३१ मेपर्यंत गेली, एकूण ६८ दिवस. हे दुकान अर्ध्या वाटेवर थांबलं असतं.

आता तेच गणित काटछाट करून मांडा. मालक निम्म्या भाड्यावर राजी झाला तर ६,०००. कारागिरांना निम्मा पगार, १२,०००. मशीन बंद म्हणून वीज १,०००, फोन तेवढाच, घरखर्च ओढूनताणून १५,०००. हप्ता कायम. बेरीज ४४,५००, दिवस ५७. हप्ताही पुढं ढकलता आला तर खर्च ३५,००० वर येतो आणि दिवस होतात ७३, म्हणजे ५ जून. राज्य सरकारच्या ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांतली दुकानं, रस्त्याची एक बाजू आज आणि दुसरी उद्या अशा पद्धतीनं, नेमकी ५ जूनपासून उघडू लागली. दुकान तेच आणि रोकडही तेवढीच. फरक पडला तो तीन माणसांशी वेळेवर बोलण्यानं: जागेचा मालक, कारागीर आणि बँक.

हा हिशेब दर तिमाहीला करा. स्टॉकची किंमत आणि येणं असलेली उधारी रोकड म्हणून धरू नका. साथीत दोन्ही गोठतात. सोनंही शेवटच्या रकान्यात लिहा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२० मध्ये बँकांच्या सोनेतारण कर्जाची मर्यादा किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत वाढवली होती, त्यामुळं पैसा झटकन मिळत होता. पण दुकान बंद असताना दागिना गहाण टाकला तर व्याज भरायला गल्ला कुठला?

किती दिवसांची रोकड असावी? माझ्या मते किमान साठ, नव्वद झाली तर उत्तम. आपल्याकडंच हे जमत नाही असं नाही. २०२० च्या वसंतात अमेरिकेत ५,८०० हून जास्त छोट्या व्यवसायांची पाहणी झाली. महिन्याला १०,००० डॉलरपेक्षा जास्त खर्च असलेल्यांपैकी मधल्या फळीतल्या व्यवसायाकडं जेमतेम दोन आठवड्यांची रोकड निघाली. साठ दिवसांचा गल्ला एकदम साठत नाही. भिशीचा नंबर लागला की निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात टाका, दिवाळीच्या नफ्याचा एक हिस्सा तिकडं वळवा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घरातल्या सगळ्यात चिकट माणसाकडं द्या.

दुसरी पायरी: तुमच्या मागणीचं काय होईल ते ओळखा

धंदा ‘अत्यावश्यक’ आहे की नाही, हे सरकारी आदेशात कळतं. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र तुम्हीच सोडवायचा असतो. साथीत गिऱ्हाइकाची मागणी नाहीशी होते, लांबते की जागा बदलते?

ऑफिसाच्या खालचा चहा नाहीशा होणाऱ्या मागणीत मोडतो. मार्चमध्ये न प्यालेला चहा माणूस जूनमध्ये दुप्पट पीत नाही. केशकर्तनालयाचंही तसंच. महाराष्ट्रात सलून २८ जून २०२० ला उघडली तीही केस कापण्यासारख्या मोजक्या सेवांपुरती, पण मधल्या तीन महिन्यांच्या कटिंगचे पैसे कोणी आणून दिले नाहीत. असा धंदा असेल तर खर्च पहिल्या आठवड्यातच खाली आणा. ‘बघू, पंधरा दिवसांत उघडेल’ ही सगळ्यात महाग पडणारी आशा आहे.

लग्नाचा बस्ता, पत्रिका, मंडप, केटरिंग यांची मागणी लांबते. लग्नं रद्द झाली नाहीत, पुढं गेली. मात्र ती परत आली तेव्हा लहान होऊन आली: आधी पन्नास माणसांत, आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत तर पंचवीस माणसांत आणि दोन तासांत. म्हणून अशा धंद्यानं आगाऊ रक्कम परत करण्याऐवजी तारीख बदलून द्यावी, तसं लेखी घ्यावं आणि सोबत छोट्या समारंभाचं दरपत्रक तयार ठेवावं. पाचशे पानांचाच हिशेब येणाऱ्या केटररला चाळीस पानांची ऑर्डर परवडत नाही. तीच ऑर्डर खानावळवाल्याला परवडते.

तारीख ठरलेली पण मालाचं माप बदललेलं, हा प्रकार पेणच्या मूर्तिकारांनी अनुभवला. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती आणि मूर्तीची उंची सार्वजनिक मंडळांसाठी चार फूट, घरच्यासाठी दोन फूट असा नियम जुलैमध्ये आला. मूर्तीचं काम तर कितीतरी महिने आधी सुरू होतं. ज्याचा पैसा मोठ्या मूर्तींत गुंतला त्याचा अडकला. लहान मूर्ती करणाऱ्याचा माल निदान नियमात बसत होता. हंगामी धंद्यात एकाच मापावर सगळा पैसा लावू नये, हे तिथून शिकण्यासारखं.

तिसरी मागणी जागा बदलते, आणि खरी संधी तिथं असते. पुण्याच्या पेठांतल्या मेस स्पर्धा परीक्षेच्या मुलांवर चालायच्या. मुलं लातूर, बीड, नांदेडला घरी गेली, जेवण मात्र कुणाचं सुटलं नाही. मेसवाल्याला गिऱ्हाइकाच्या मागं लातूरला जाता येत नाही हे खरं. पण त्याच पेठांत एकटे राहणारे ज्येष्ठ होते, त्यांच्या कामवाल्या बायकांना सोसायट्यांत यायला बंदी होती. ज्या मेसवाल्याला हे दिसलं त्याचे डबे चालू राहिले. डब्यात तिखट कमी करावं लागलं एवढंच.

तिसरी पायरी: गिऱ्हाइकाची यादी

ही पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. उधारीची वही पाहा: ‘देशमुख काकू, ४३०’. कुठल्या देशमुख काकू, कुठं राहतात, नंबर काय, काही नाही. दुकान उघडं असताना काकू रोज समोर दिसतात, तेव्हा अडत नाही. शटर पडलं की वही मुकी होते.

आजपासून नाव, फोन, सोसायटी किंवा गल्ली आणि नेहमी काय घेतात, एवढं लिहायला लागा. बिलाच्या मागं लिहून रात्री उतरवलं तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करू नका, ‘ब्रॉडकास्ट’ यादी करा. ग्रुपवर सुप्रभाताची फुलं आणि अफवा येतात, लोक बाहेर पडतात. ब्रॉडकास्टचा निरोप मात्र ज्यानं तुमचा नंबर साठवून ठेवलाय त्यालाच पोचतो, तेव्हा बिलावर नंबर ठळक छापा आणि सेव्ह करायला सांगा.

यादीचा उपयोग कसा होतो ते एप्रिल २०२१ मध्ये दिसलं. २० एप्रिलपासून किराणा दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ मिळाली. ज्यांच्याकडं आदल्या रात्री याद्या आल्या होत्या त्यांच्या पिशव्या सातला बांधून तयार. बाकीच्यांच्या दारात रांग, आणि साडेदहाला पोलिसांची गाडी.

चौथी पायरी: घरपोच द्यायचं, पण हिशेबानं

घरपोच सेवा म्हणजे धंदा वाचला, असा समज २०२० मध्ये पसरला. १८० रुपयांच्या किराण्यावर १५ टक्के सुटतात असं धरलं तर हातात २७ रुपये. त्यासाठी मुलगा पाठवला, पेट्रोल जाळलं आणि तीस रुपये गेले, तर प्रत्येक पिशवीमागं तीन रुपये खिशातून जातात. जितकी जास्त विक्री तितका जास्त तोटा.

उपाय कोकणातल्या आंबेवाल्यांनी दाखवला. त्या हंगामात वाशीच्या बाजार समितीचा कारभार मधेमधे थांबत होता आणि हापूस झाडावर थांबत नाही. अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत थेट पेट्या पोचवल्या. हे जमलं कारण ऑर्डर एकेका घराची नव्हती. सोसायटीतलं कोणीतरी सगळ्यांच्या पेट्या एकत्र मागवायचं, पैसे गोळा करायचं आणि टेम्पो एका गेटवर रिकामा व्हायचा. तुम्हीही तसंच करा. एका भागाला एक वार ठरवून द्या, किमान ऑर्डरची रक्कम ठेवा आणि पैसे यूपीआयनं आधी घ्या. हॉटेलवाल्यांनी डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन आणि पॅकिंग धरून पार्सलचं वेगळं मेनूकार्ड करावं. प्रवासात मऊ पडणारी भजी त्यात नसलेलीच बरी.

पाचवी पायरी: कागद

कंटाळवाणी आहे, पण सरकारी मदतीचं कुलूप याच किल्लीनं उघडतं. मे २०२० मध्ये केंद्रानं छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटींची तातडीची पतहमी योजना आणली. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के नवीन कर्ज, तारण न मागता, सरकारच्या पूर्ण हमीवर. पाच लाख बाकी असेल तर एक लाख. बँकेचं व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के, वर्षभर मुद्दल भरायचं नाही. चांगली योजना होती. पण ज्याचं बँकेत कर्जच नव्हतं, जो सावकाराकडून किंवा भिशीतून पैसा फिरवत होता, त्याच्या शून्याचे २० टक्के शून्यच. अनेक वर्षं ‘आपण कर्ज घेत नाही’ असं अभिमानानं सांगणारी भली माणसं तिथं बाहेर राहिली. ती योजना मार्च २०२३ मध्ये संपली. पुढची आली तर तिचाही निकष बहुधा असाच असेल: आधीपासून नोंद कुणाची आहे?

तेव्हा चार गोष्टी आज करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, जी ऑनलाइन आणि फुकट होते; तिचे पैसे मागणारा एजंट असेल तर उठून या. दुकानाच्या नावानं चालू खातं, आणि रोजची विक्री त्यातून फिरवणं. छोटी का होईना, कॅश क्रेडिटची (लागेल तेव्हा लागेल तेवढं उचलायच्या बँक कर्जाची) मर्यादा मंजूर करून ठेवणं. वापरली नाही तरी बँकेच्या दप्तरात तुम्ही असता. आणि वेळेवर प्राप्तिकराचं विवरणपत्र. नफा कमी दाखवून दोन पैसे वाचवलेला माणूस कर्ज मागायला जातो, तेव्हा बँक तोच कमी नफा पुढं करते.

हातगाडी, पथारीवाल्यांनाही हेच लागू. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली: पहिलं कर्ज १०,०००, फेडलं की २०,०००, मग ५०,०००, व्याजात ७ टक्के सवलत. २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे १५,००० आणि २५,००० झाले. पण महापालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा निदान शिफारसपत्र हवंच. घरून खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधीच करून ठेवा.

विम्याबद्दल एकच: दुकानाची नेहमीची आगीची पॉलिसी साथीमुळं बुडालेल्या विक्रीची भरपाई देत नाही. धंदा खंडित झाल्याची भरपाईसुद्धा साधारणपणे मालमत्तेचं नुकसान झालं असेल तरच मिळते. त्या भरवशावर राहू नका.

सहावी पायरी: साथ आली की पहिल्या आठवड्यात

पहिल्या दिवशी येणं असलेली उधारी गोळा करा. लाज बाळगू नका, पण सूर नरम ठेवा. ‘तुम्ही अडचणीत असाल तर निम्मे द्या’ म्हटलं की निम्मे येतात. मोठ्या कंपनीकडं बिल अडकलं असेल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही.

दुसऱ्या दिवशी जागेच्या मालकाकडं जा. कायद्याचा धाक दाखवू नका, तो फारसा नाहीच. टाळेबंदी आहे म्हणून भाडं आपोआप माफ होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं. त्यापेक्षा प्रस्ताव न्या: तीन महिने निम्मं भाडं, उरलेलं पुढच्या वर्षभरात, किंवा तेवढं डिपॉझिटमधून वळतं. जे ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. नवा करार करताना बंदीच्या काळात भाडं किती, हे कलम आताच घाला.

मग बँक. हप्ता पुढं ढकलणं म्हणजे माफी नव्हे, हे २०२० मध्ये फार जणांना उशिरा कळलं. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची सवलत दिली होती. पाच लाख बाकी आणि १२ टक्के व्याज धरा. सहा महिने काहीच भरलं नाही तर बाकी ५,३०,७६० च्या आसपास होते. नंतर दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज परत मिळालं. या उदाहरणात ते सुमारे ७६० रुपये. तीस हजार तुमच्याच डोक्यावर. म्हणून रोकड साठ दिवसांपेक्षा कमी असेल तर सवलत जरूर घ्या. जास्त असेल तर निदान व्याज भरत राहा.

कारागिरांचा प्रश्न पैशापेक्षा नाजूक. पूर्ण पगार द्या असा केंद्राचा आदेश २९ मार्च २०२० ला आला, मेमध्ये मागं घेतला गेला, आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालक-कामगारांनी आपसात बोलून ठरवावं असं सांगितलं. व्यवहारात एवढं पाळा: जो परत आला नाही तर धंदा सुरूच होणार नाही, तो माणूस ओळखा आणि त्याच्या घरचा शिधा तुटू देऊ नका. भिवंडी, इचलकरंजीत माग होते, सूत होतं, पण कारागीर गावी गेल्यावर खडखडाट थांबला. जो गावी जाईल त्याच्याशी आठवड्याला एक फोन ठेवा. बोलावणं आलं की तो आधी कुणाकडं जातो, ते त्या फोनवरून ठरतं.

सातवी पायरी: नव्या मालाचा मोह

सगळे मास्क शिवू लागले होते. बचत गटांनी ते काम उत्तम केलं, कारण शिलाई मशीन घरात होती आणि खरेदीदार अनेकदा ग्रामपंचायत किंवा सरकारी यंत्रणा. पण निव्वळ भाव चढलाय म्हणून सॅनिटायझरचे कॅन भरणाऱ्यांना दोन धक्के बसले. मार्च २०२० मध्येच सरकारनं २०० मिलीच्या बाटलीला १०० रुपये आणि तीन पदरी मास्कला १० रुपये अशी कमाल किंमत बांधली. पुढं बाजारात माल इतका झाला की भाव त्याच्याही खाली आला.

नवा माल घेताना एवढंच पाहा: तो तुमच्या आहे त्या यंत्रावर, आहे त्या माणसांकडून बनतो का? तुमच्याच यादीतलं गिऱ्हाईक घेईल का? आणि पंधरा दिवसांत पैसा परत येईल का? तिन्हींना हो असेल तर करा. नवं मशीन घ्यावं लागत असेल तर सोडून द्या.

आठवी पायरी: शटर उघडल्यावर

बुडणारे कितीतरी जण बंदीत तगले आणि उघडल्यावर बुडाले. पहिल्या आठवड्यात साठलेली मागणी येते, दुकानदाराला वाटतं जुने दिवस आले, तो पूर्वीइतका माल भरतो. मग गर्दी ओसरते, किंवा दुसरी लाट येते. उपाहारगृहं ऑक्टोबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेनं उघडली आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा पार्सलवर आली, मध्ये जेमतेम सहा महिने.

पहिले दोन महिने माल निम्माच भरा आणि जास्त वेळा भरा, वाहतुकीचे चार पैसे जास्त गेले तरी. देणी फेडताना आधी लहान पुरवठादाराचे पैसे द्या, तो बुडाला तर तुमचा माल बंद. मग कारागिरांची थकबाकी, मग मालकाचं उरलेलं भाडं, आणि बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला. राखीव खात्यातून जेवढं काढलं तेवढं परत भरेपर्यंत दुकानाला नवा रंग, नवी काच, नवी पाटी काही नको. आणि पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढून नव्या आकड्यांनी भरा. भाडं, पगार, हप्ता, सगळं आता बदललेलं असेल.